बिनमाणसाची घागर

अन्याय झाला तो खडी फोडणाऱ्या बायांवर. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, उस्मानाबादेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

मी तिथं नवी होते. मुंबईत खोलीचं भाडं झेपेना, म्हणून भावानं इथल्या सोसायटीत कारकुनी धरली आणि आम्ही आलो. दोन खोल्या, शिवाय अंगण! आई तर कामाशिवायच अंगणात जाऊन उभी राहायची. त्याच अंगणातला आड मात्र ठणठणीत कोरडा. पाणी टँकरचं.

मला चक्रावलं ते रांगेनं. मुंबईत रांग म्हणजे माणसं. इथं पहाटेपासून रस्त्याकडेला नुसत्या घागरी. एकीच्या गळ्यात तांबडी चिंधी, एकीच्या तोंडावर खापर, एकीला पोचा. चिंधीवाली शेजारच्या मावशींची. त्यांना विचारलं, "तुमच्या माघारी कुणी मागं सारली तर?"

"सारंल कशी? माझी हाय न्हवं ती!"

घागरी लावून बाया दुष्काळी कामावर जायच्या. टँकर आला की गल्लीतली एक म्हातारी सगळ्यांच्या भरून घ्यायची. पोलीस नाही, कुपन नाही. मुंबईत मी एकजुटीची हँडबिलं वाटली होती. एकजूट पाहिली ती इथं.

त्या दुपारी टँकरवर नवा मुकादम आला. "मोकळ्या घागरीला पाणी न्हाय. माणूस दाखवा," म्हणाला, आणि पायानं एकेक घागर रांगेबाहेर. रांगेत मागं हंडे घेऊन उभे असलेले बंगल्यांवरचे गडी पुढं सरकले. म्हातारी ओरडली, मी ओरडले. उपयोग शून्य.

संध्याकाळी मावशी आल्या. घरात सून ओली बाळंतीण. आडवी पडलेली घागर त्यांनी उभी केली, आत पाहिलं.

"माणूस दाखवा म्हनला?"

"हो."

"मग तिकडं खडी कोन फोडतंय, बैल?"

आमच्या हंड्यातलं पाणी त्यांच्या चुलीवर गेलं. पण ते किती पुरणार?

पुढचा टँकर आला तेव्हा मी तांबड्या चिंधीमागं उभी होते.

"हिचं माणूस?"

"मी."

भरली. मी मागच्या घागरीशी सरकले.

"आन् हिचं?"

"मीच."

"आवो ताई, तुमी हाव तरी किती जणी?"

"मोज की, मुडद्या! घागरी हायत तेवढ्या," म्हातारी कडाडली. सगळी गल्ली हसली. एक गडी बंगल्याचा हंडा खाली ठेवून पोचा पडलेल्या घागरीमागं जाऊन उभा राहिला. त्याची आईही खडीवरच होती, हे मला तेव्हा कळलं. मुकादमानं पुढच्या घागरीत पाइप धरला. मावशींच्या सुनेला त्या दिवशी अंघोळ मिळाली.

यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत आणि पुन्हा तेच ऐकू येतंय: माणूस दाखवा. तुम्ही सावलीत बसून हे वाचताय, म्हणजे तुम्हाला सवड आहे. उठा. कोपऱ्यावर जा. बिनमाणसाची घागर दिसेल, तिच्यामागं उभे राहा. कुणी विचारलं, हिचं माणूस कोण, तर सांगा: मी.