दोन छोटे, एक लांब

आधीच कबूल करतो, असले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. आमची ही वाचून घाबरते आणि मी तिला समजावतो – इथे वायर लूज असणार, इथे उंदीर असणार, इथे सांगणाऱ्याने थापच मारलेली असणार. पस्तीस वर्षं भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक म्हणून काढली. आमच्या धंद्यात आपोआप काही होत नसतं. गाडी बंद पडली तर कारण असतं, आणि कारण सापडेपर्यंत घरी जायचं नसतं.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचीच ही गोष्ट आहे. म्हणून आज मीच लिहायला बसलोय. हसू नका... किंवा हसा, मीही हसलोच असतो.

दानिएलकाका आमचे सीनियर. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. घर आमच्याच गल्लीत, बाजाराच्या मागे. गल्ली पुढे कॅन्टोन्मेंटच्या भिंतीला जाऊन संपते, त्यामुळे तिथे विनाकारण कुणी गाडी घेऊन येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काकांनी कुठल्याशा साहेबाची मोडकळीला आलेली इंग्लिश गाडी घेतली होती. फिकट हिरवी, कॅनव्हासचा टप मागे दुमडून ठेवता येणारी. सुट्टीच्या दिवशी एकेक पार्ट घासत त्यांनी ती चार वर्षांत उभी केली. पुढे भिंगारच्या ख्रिस्ती वस्तीत रिवाजच पडला – नवरी चर्चला जायची ती काकांच्या गाडीतून. काका नवरीच्या दारात गाडी उभी करायचे आणि इंजिन चालू ठेवून हॉर्न द्यायचे. दोन छोटे, एक लांब. तो हॉर्न वाजला की नवरी घरातून बाहेर पडायची. टप वर असायचा. चर्चच्या अलीकडच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून ते टप खाली घ्यायचे, म्हणजे शेवटच्या तुकड्यात सगळ्यांना नवरी दिसायची. गाडी सुरू झाल्याशिवाय हॉर्नला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणायचे, "आदी गाडी तयार, मग पोरीला हाक."

वर्कशॉपची आणखी एक सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. गाडी उभी केली की इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं, आतला रोटर काढायचा आणि खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण तो नसेल तर कुणाच्या बापाला गाडी सुरू करता येत नाही. फौजेत गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असं करतात. काका आपल्या दारातल्या गाडीचाही रोटर रोज काढायचे. आम्ही चिडवायचो, "काका, भिंगारात कोण चोरतंय हिला?" त्यावर ते नुसते शर्टाच्या खिशावर थाप मारायचे.

काकांना एकच मुलगी, मार्थाताई. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेलेली, काकांनीच वाढवली. ताईचं राजूरकडच्या एका शिक्षकाशी जमलं. मुलगा चांगला होता, पण काका वर्षभर नाही म्हणत राहिले. एवढ्या लांब डोंगरात लेक द्यायची नाही, एवढंच म्हणणं. शेवटी ताई अडून बसली आणि काका हो म्हणाले. कसं म्हणाले ते मी ऐकलंय – "बरं, कर. म्याच नेऊन सोडतो चर्चला."

लग्नाच्या दिवशी सकाळी गल्ली माणसांनी भरलेली. ताई आतल्या खोलीत पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळी घालून हॉर्नची वाट बघत बसली होती. काका सूट घालून बाहेर आले, गाडीत बसले, स्टार्टर मारला. इंजिन नुसतं फिरलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

मी पुढे झालो. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत रोटर नव्हता. आणि मी, चोवीस वर्षांचा शहाणा, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो –

"रोटर काढून ठेवलाय."

तेवढंच. 'रोटर नाहीये' म्हणालो असतो तर ती नुसती खराबी झाली असती. मी 'काढून ठेवलाय' म्हणालो. काकांनी खिसा चाचपला. कोट काढला, झटकला, पँटचे खिसे उलटे केले. "हुता रं... सकाळी खिशातच हुता माझ्या. बसवायचा राहिला," असं म्हणत ते गाडीखाली वाकून बघू लागले. आम्ही घर शोधलं, अंगण शोधलं. त्या गाडीचा रोटर नगरात दुसरा मिळणारच नव्हता. वर्षभर लग्नाला नाही म्हणणारा बाप, रोज स्वतः रोटर काढणारा माणूस, आणि नेमका आजच रोटर गायब... लोकांनी मनातल्या मनात हिशोब जुळवला.

ताई बाहेर आली. माझं वाक्य तिने आतून ऐकलं होतं.

"पप्पा, यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं," एवढं म्हणाली आणि मामांचा हात धरून चालत चर्चला गेली. काका मागे गेले नाहीत. लग्न लागून वऱ्हाड जेवून आलं तरी ते सूट घालून गाडीतच बसलेले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. मी मदतीला गेलो. चाकं काढून विटांवर चढवली, बॅटरी काढली, ती मीच माझ्या हाताने उचलून बाहेर नेली. काका माझ्याशी कामापुरतं बोलले. माफी मागावी असं मनात होतं, पण कशाची मागायची हेच तेव्हा धड कळत नव्हतं. चार वर्षांनी काका गेले. ताई मातीला आली आणि मिळेल त्या एसटीने परत गेली. मधल्या काळात बाप-लेक एक शब्द बोलले नव्हते.

पुढे घर भाड्याने गेलं. शेडची चावी माझ्याकडे राहिली. गल्लीतल्या नव्या लोकांना आत गाडी आहे हेही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी तीस वर्षं ते कुलूप उघडलं नाही. वेळ नव्हता असं म्हणायचो. खोटं आहे ते.

गेल्या मार्चमध्ये ताई आली. आता साठीच्या पुढची, शाळेतून रिटायर झालेली, गुडघे दुखतात. घर विकायचं होतं. "बाळू, शेड उघड. ते लोखंड भंगारात देऊन टाकू," म्हणाली. गाडी नाही म्हणाली, लोखंड म्हणाली.

सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील, ऊन चांगलं तापलेलं. कुलूप गंजलेलं, चावी फिरेना, तोडावंच लागलं. आत काकांचं घर रिकामं करताना टाकलेल्या खाटा, पोती, सायकलींचे सांगाडे. ते बाजूला सारल्यावर गाडी दिसली. तशीच विटांवर, धुळीखाली रंगही कळत नव्हता. ताईने दारातूनच बघितलं आणि मागे फिरली. आम्ही अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसलो. तिने भंगारवाल्याला फोन लावला, "हो, या. आजच घेऊन जा." फोन ठेवला.

आणि शेडमधून हॉर्न वाजला.

दोन छोटे, एक लांब.

"आले!" ताई म्हणाली.

अगदी सहज. कुणी घरातून हाक मारल्यावर आपण ओ देतो तसं. पदर सावरत ती उठून उभीसुद्धा राहिली होती. मग तिला कळलं आपण काय बोललो, आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू पण ऐकलंस ना रे?"

मी मान हलवली.

गल्लीत कुठली गाडी नव्हती, मी लगेच जाऊन बघितलं. अंगणात आम्ही दोघं सोडून कुणी नव्हतं, शेडमध्येही नाही. मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला, भीती लपवायला तोच बरा असतो. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, खालचा पत्राही सडून गेलेला. हॉर्नची वायर उंदरांनी कुरतडून तिचे नुसते धागे राहिलेले. हॉर्न सोडवून हातात घेतला तर त्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, सुकून दगड झालेलं. त्यातून फुंकर जाणार नाही, आवाज तर लांबच.

मी हे सगळं बडबडत होतो. ताई ऐकत नव्हती. ती दार ओढून गाडीत चढली आणि मागच्या सीटवर, जिथे नवऱ्या बसायच्या तिथे, त्या धुळीत बसली. जरा वेळाने मागे वळून म्हणाली,

"बाळू, टप खाली कसा?"

मी बघितलं. इतका वेळ माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टप मागच्या खाचेत दुमडलेला होता, त्यावरचं झाकण बटणं लावून बसवलेलं. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची तर टप वर करून ठेवतात, नाहीतर घडीवर कापड चिरतं. हे काकांनीच आम्हाला शिकवलेलं. त्यांच्यासारखा माणूस ही चूक करणार नाही.

"त्या दिवशी दारातच खाली होता," ताई हळूच म्हणाली. "मी बाहेर आले तेव्हा बघितलं होतं मी. पप्पा तर कोपऱ्यावर खाली घ्यायचे ना?"

मला तेव्हा कुठे कळलं. बाकीच्या पोरींसाठी कोपऱ्यावर. लेकीसाठी दारापासून. अख्ख्या भिंगारला दिसावी म्हणून त्यांनी सकाळी कोट घालण्याआधीच, नुसत्या शर्टावर, टप खाली घेऊन ठेवला असणार. आणि तो टप खाचेत नीट बसवायचा तर छातीने दाबून वाकावं लागतं...

मी झाकणाची बटणं काढली. टप उचलला तसा कॅनव्हास माझ्या हातात टरकला, आणि घडीतून काहीतरी ताईच्या मांडीवर पडलं.

रोटर. तो काळा तुकडा, पितळेच्या पट्टीसकट, वाकताना शर्टाच्या खिशातून घडीत घसरलेला.

मेकॅनिकच्या मुलीला तो काय आहे हे सांगावं लागलं नाही. तिने तो पदराने पुसला, मुठीत धरला आणि रडली. साठी उलटलेली बाई पोरीसारखी रडली. काकांनी तो टप पुन्हा एकदा जरी वर केला असता तरी रोटर त्यांच्या पायाशी पडला असता. पण त्या दिवसानंतर त्यांनी टपाला हातच लावला नसावा. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. मी म्हणालो, "ताई, 'काढून ठेवलाय' असं मी म्हणालो होतो."

"माहितीय मला," ती म्हणाली. "पण खरं मानलं ते मी."

भंगारवाल्याला तिने परत पाठवलं. जाण्याआधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून तिने स्वतःच्या हाताने रोटर जागेवर बसवला आणि बॉनेट लावून घेतलं. गाडी आता राजूरला तिच्या अंगणात आहे. टेम्पोत घालून नेली, टप खाली ठेवून.

रोटर कुठे होता ते कळलं. हॉर्न कशावर वाजला ते मला आजही कळलेलं नाही. वर्कशॉपमधल्या जुन्या मित्रांना विचारलं, सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

हॉर्न मी ताईकडून मागून घेतला. साफ करून बघितला तर आतला पडदा गंजून आरपार गेलेला. तो वाजूच शकत नाही. तरी अधूनमधून मी त्याला बॅटरी जोडून बसतो. ही विचारते, काय करताय? मी म्हणतो, चेक करतोय.

चेक-बिक काही नाही. ताईला काकांनी हाक मारली, तिने ओ दिली. मला अजून काकांची माफी मागायचीय.