पेटी सुरात होती

"पेटी ठीकच असणार, काका. बिघडलाय तो तुमचा उजवा कान."

हिंगोलीच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी असं सांगितलं तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, त्यांच्याकडे रागाने बघत राहिले. मी आणि माझा धाकटा भाऊ गजानन मागे उभे होतो. आजाराचं नाव सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे आतल्या कानाची किंवा त्याच्या नसेची ऐकण्याची ताकद एकाएकी कमी होणं. "कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. आठवडा उलटून गेला होता, आणि तो सगळा आम्ही पेटी दुरुस्त करण्यात घालवला होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ आमची शेती आहे, हळदीची आणि सोयाबीनची. आबांना शेतीची आवड कामापुरती, गाण्याची जन्माची. गावच्या भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरात असते. आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. दळण घेऊन गेलं की "गिरणी कोणत्या सुरात चालून राहिली?" याचं उत्तर दिल्याशिवाय पिठाचा डबा उचलता यायचा नाही. मी आज हिंगोलीत शाळेतल्या मुलांना गाणं शिकवते. गजानन शेती बघतो आणि मंडळात गातो, तबलाही वाजवतो. त्याचा गळा माझ्याहून चांगला आहे, पण हे त्याच्या तोंडावर मी कधी बोलणार नाही.

तर एका सकाळी आबांनी पेटीवर सा धरला आणि बोट चटका बसल्यासारखं उचललं. "पेटी उतरली."

"न्हाई आबा, बराबर हाय," गजानन म्हणाला आणि सा लावून दाखवला.

"मला शिकवून राहिला का? तुझा बी सूर हलून राहिला."

त्या दिवसापासून गजाननने घरात गायला तोंड उघडलं नाही. पेटी नांदेडला गेली. दुरुस्ती करणाऱ्याने एकेक सूर तपासला आणि सगळं बरोबर असल्याचं सांगून परत पाठवली. आबांनी त्यालाच नावं ठेवली. कानात भुंगा घुमल्यासारखं होतंय हे ते आईला बोलले होते, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात म्हाताऱ्याच्या कानाची शंका आधी आली असती. आमच्या घरात साऱ्या गावाचे सूर चुकतील, आबांचा कान चुकणार नाही, अशी आमची खात्री. ती आम्हाला नडली.

मला कळलं ते फोनवर. "तुझा आवाज काहून डब्यातून आल्यावानी येऊन राहिला?" ते म्हणाले. मी फोन दुसऱ्या कानाला लावायला सांगितलं. "आता बराबर येऊन राहिला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने गजानन त्यांना घेऊन हिंगोलीला आला.

डॉक्टरांनी आधी ऑडिओमेट्री केली. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीकमोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आबांनी फार थोड्या वेळा दाबलं. तपासणाऱ्या ताईंना शंका आली, त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "जे बेसूर होते ते सोडून दिले." ताईंनी हात जोडले आणि सुरात असो-नसो, बटण दाबायला सांगून सगळी तपासणी पुन्हा केली. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण आवाज वेगळा ऐकू येतो म्हणजे नक्की काय, हे डॉक्टरांनी मग समजावलं. त्याला डिप्लाक्यूसिस म्हणतात. एकच सूर दोन कानांना दोन वेगळ्या उंचीचा ऐकू येतो.

"पहिल्या एक-दोन दिवसांत आला असतात तर आशा जास्त होती," डॉक्टर म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही. पण हमी देत नाही."

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आबांना मधुमेह, त्यामुळे साखर भडकली. ती रोज तपासायची, गोळ्या-इन्सुलिन सांभाळायचं. ऐकण्याच्या नसेवर गाठ तर नाही ना, तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात, हे पाहायला नांदेडला एमआरआय केला. ते यंत्र भयंकर खडखडतं. बाहेर आल्यावर आबा त्या आवाजाबद्दल काहीतरी बोलतील, नावं ठेवतील, म्हणून मी वाट पाहत होते. ते चपला घालून मुकाट्याने बाकावर बसले. तेव्हा मी खरी घाबरले.

रिपोर्टची वाट बघताना ते गजाननला म्हणाले, "बहिरा झालो तर चालंल रे. पर खोटं ऐकून कसं जगू?"

गजाननने त्यांचा हात धरला.

गाठ नव्हती. मग कानाच्या पडद्यातून थेट आत औषधाची इंजेक्शनं दिली, काही दिवसांच्या अंतराने. प्रत्येक वेळी आबा डोळे मिटून झोपत आणि आम्ही बाहेर दाराकडे बघत बसत असू. हळूहळू बोलणं ऐकू यायला लागलं. सूर मात्र उजव्या कानात अजून तिरपाच येतो. "बोलण्यापुरता कान वाचला," डॉक्टर म्हणाले. "गाण्यासाठी डावा वापरा." त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी आशा लावली नाही आणि तोडलीही नाही.

तुमच्या घरात कुणाला एकाएकी एका कानाने कमी किंवा वेगळं ऐकू यायला लागलं, तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गाणारं घर असेल तर आधी माणूस तपासा, वाद्य नंतर.

परवा मंडळात आबा पुन्हा बसले, उजव्या कानात कापूस घालून. गजानन तबला पेटीच्या सुरात लावत होता. सवयीने त्याने आबांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहून राहिला? तुला वाटंल तोच सूर खरा," आबा म्हणाले.

हातोडीचे ठोके बराच वेळ चालले. गजाननला घाम फुटला होता. मंडळी खोळंबली, कुणी खाकरलं, आबा मात्र मांडीवर हात ठेवून थांबून होते.

"लागला?"

"लागला, आबा."

आबांनी थाप मारून बघितली नाही, पेटीशी ताडून पाहिलं नाही. सरळ गायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या शब्दावर सूर धरताना मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहत होते. गजानन खाली मान घालून रडत होता, आणि ठेका जराही हलला नाही.