डोळे आहेत तोवर

"अहो, टेकवू नका! कावड खाली टेकवू नका! थांबा, आलो मी!"

घाटाच्या खालच्या वळणावरून कोणीतरी इतक्या मोठ्यानं ओरडत होतं, की झाडावरची माकडंसुद्धा गप्प बसली असतील. मी रडतोंडीच्या घाटात एका गुडघ्यावर बसलो होतो. उजवा पाय दगडांच्या फटीत जाऊन असा मुरगळला होता की तो माझा आहे की दुसऱ्या कोणाचा, तेच कळेना. खांद्यावर कावड, म्हणजे लांब बांबू आणि त्याच्या दोन टोकांना गोदावरीच्या पाण्याच्या दोन कळशा. मागची कळशी हिंदकळून निम्मी सांडली होती, त्यामुळे पुढची जड होऊन खाली खाली चालली होती, आणि तिचं बूड आणि माती यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर उरलं होतं. कावडीचा नियम नाशकात लहान पोरालाही माहीत असतो. रामकुंडावर पाणी भरून एकदा खांद्यावर घेतली, की सप्तशृंगीच्या गडावर देवीच्या पुजाऱ्याच्या हाती देईपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. दमलात तर झाडाला टांगा, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावर द्या. माझ्या हाताला येईल असं झाड तिथं नव्हतं. आणि दुसरा खांदा का नव्हता, ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

मी नाशकातल्या द्वारका चौकात ट्रक रंगवायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या काळात नाशिकहून सुटणाऱ्या दर ट्रकच्या कपाळावर माझा मोर असायचा, आणि तो इतका जिवंत असायचा की पाऊस आला की ड्रायव्हर आधी मोराकडं बघायचे, फुलारला का म्हणून. देवी तर मी शेकड्यानं रंगवली. अठरा हात, शेंदरी अंग, मान एका बाजूला कललेली. सगळी कॅलेंडरावरून. गडावर मी कधी गेलोच नव्हतो. जाऊ की, गड कुठं पळून जातोय, असं म्हणता म्हणता चाळिशी उलटली.

मग एक दिवस कांद्याच्या हातगाडीनं मला कुशीत धडक दिली. आठवड्यात दुसऱ्यांदा. आमचे उस्मानचाचा, लासलगाव-मुंबई कांद्याचा ट्रक चालवणारे, माझ्यापुढं उभे राहून ओरडले, "पेंटर, दिवसाढवळ्या पिऊन चालतोस काय रे? गाडी हत्तीएवढी आहे!" मी प्यायलो नव्हतो. मला ती गाडी दिसलीच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काचबिंदू आहे. बाजूची नजर गेली, ती गेली. समोरची उरली आहे, ती थेंब घालून जपायची. मी विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, "ते मला विचारू नका."

ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं, त्याला हे ऐकून काय झालं असेल ते मी लिहीत बसत नाही. दोन दिवस मी ब्रश धरला नाही. तिसऱ्या दिवशी एक जुना पत्रा घासून घेतला, त्याला निळा हात दिला आणि वर लाल अक्षरांत, पिवळी सावली टाकून, लिहिलं: डोळे आहेत तोवर बघायचं. खाली एकेक ओळ. समुद्र. कळसूबाईचं टोक. जमिनीवरून उडताना विमान. रानात मोकळा फिरणारा वाघ. आणि सर्वांत शेवटी, स्वतः कावड नेऊन सप्तशृंगीचं मुख. पत्रा दुकानाबाहेर टांगला. माझ्यासारख्या माणसाला मनातल्या मनात इच्छा धरणं जमतच नाही. चौकाला कळल्याशिवाय ती इच्छाच वाटत नाही.

चौकानं अर्थातच डोकं खाल्लं. "पेंटर, माझी उधारी चुकती झालेली बघायचं यादीत राहिलं का?" असं पानवाला म्हणाला. आमची मंडळी जेवणाचा डबा घेऊन आली, पत्रा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "ह्यात मी कुठं आहे?"

"तुला काय, रोजच बघतो."

"बघता होय? मिटा डोळे. मिटा म्हणते ना! आता सांगा, आज मी कोणत्या रंगाचं पातळ नेसले?"

मला रंगांची इतकी नावं पाठ होती की कंपनीवाल्यांनी माझ्याकडून शिकावीत. मी छातीठोक म्हणालो, "हिरवं." डोळे उघडले तर जांभळं. ती डबा ठेवून गेली.

उस्मानचाचांनी मला कांद्याच्या पोत्यांवर बसवून मुंबईला नेलं आणि समुद्र दाखवला. कळसूबाईला साखळ्या धरून चढलो. ओझरच्या विमान कारखान्याच्या कुंपणाबाहेर अर्धा दिवस उभा राहून विमान उडताना पाहिलं. वाघ राहिला, पण वाघाच्या बाबतीत माझी तक्रार नाही. प्रत्येक वेळी परत आल्यावर मी चौकात असा काही किस्सा रंगवायचो की समुद्राला लाज वाटावी. आणि मग पत्र्यावरची ती ओळ काळ्या रंगानं खोडायचो. चौक टाळ्या वाजवायचा. पण खरं सांगतो, खोडताना मला त्या टाळ्या ऐकवत नसत. मला वाटलं होतं, एकेक गोष्ट बघून झाली की भीती कमी होईल. झालं उलटंच. ओळी कमी होत गेल्या तसा अंधार जवळ येऊ लागला. जणू ती यादी माझी नव्हतीच, कोणी तरी माझ्या डोळ्यांचीच यादी करून एकेक खोडत होतं. समुद्रापुढं उभा असतानाही मी समुद्र बघत नव्हतो. मी हेच बघत होतो की त्याची डावी बाजू मला दिसत नाही.

म्हणून देवीवर सगळा भार टाकला होता. भार म्हणजे विश्वास नव्हे. विश्वास असता तर गोष्टच वेगळी. मला वाटायचं, एवढं तरी पूर्ण, स्वतःच्या बळावर, डोळे भरून बघावं, मग जे व्हायचं ते होवो. कोजागिरीला गडावर देवीला गोदावरीच्या पाण्यानं स्नान घालतात. त्यासाठी आमच्या गल्लीतले कावडवाले निघाले, त्यांच्याबरोबर मीही निघालो. निघताना चौकात मोठ्यानं सांगितलं, "माझी कावड दुसऱ्याच्या खांद्याला लागणार नाही. रामकुंडापासून देवीपर्यंत, एकच खांदा!" मंडळी दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "थेंब घेतलेत का डोळ्यांचे?"

दिंडोरी, वणी ठीक गेलं. सपाट रस्ता, सोबत माणसं, तोंडात देवीचं नाव. नांदुरीला आलो आणि समोर रडतोंडीचा घाट उभा राहिला. भल्याभल्यांना रडवतो म्हणून त्याचं हे नाव. वर वाट अरुंद, दगड सुटे. ज्याला नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं, त्याला पायाखालचं दिसत नाही. मी मागं पडू लागलो. दोघातिघांनी "द्या, जरा वेळ घेतो" म्हटलं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." ते पुढं झाले. आणि मग तो दगड, तो पाय, आणि मातीपासून चार बोटं वर लटकणारी कळशी.

त्या चार बोटांत माझं सगळं आयुष्य अडकलं होतं, असं मी म्हणालो तर चौकातले म्हणतील, पेंटरनं पुन्हा रंग चढवला. पण ह्या एका गोष्टीला मी रंग लावलेला नाही. उठता येत नव्हतं, ठेवता येत नव्हतं. मी मोठ्यानं हाकही मारली नाही, कारण हाक मारली असती तर रडू फुटलं असतं. मनात एवढंच म्हणालो, आई, माझ्यानं होत नाही. आयुष्यात हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. आणि त्याच वेळी खालून ते ओरडणं ऐकू आलं.

धापा टाकत एक मध्यम वयाचे गृहस्थ वर आले. पांढरा लेंगा-सदरा, काखेत छत्री, खांद्याला पिशवी. आधी त्यांनी पुढची कळशी तळव्यावर झेलली. मग चपला काढून पिशवीत घातल्या.

मी म्हटलं, "अहो, काटे आहेत. चपला कशाला काढता?"

"कावड घेतल्यावर पायात चालत नाही ना," ते म्हणाले. "तुम्ही बांबू धरून ठेवा. आधी पाणी सारखं करू."

भरलेल्या कळशीतलं पाणी त्यांनी निम्म्या कळशीत ओतलं. माती भिजली नाही इतक्या हलक्या हातानं. मग कावड माझ्या खांद्यावरून त्यांच्या खांद्यावर गेली. एकच खांदा म्हणून गर्जना करणारा मी, खांदा मोकळा झाला तेव्हा लहान मुलासारखा हुंदका दिला. त्यांनी तो ऐकला नसेल असं नाही. म्हणाले, "मागचं टोक धरा आणि माझ्या टाचांकडं बघत या. इकडं तिकडं बघू नका."

इकडं तिकडं बघायलाच तर मी निघालो होतो. पण त्या दिवशी सबंध घाटात मी काय पाहिलं म्हणाल तर एका माणसाच्या दोन टाचा. भेगाळलेल्या, धुळीनं पांढऱ्या. त्या जिथं पडतील तिथं माझा पाय. आणि काय सांगू, समुद्रापुढं, कळसूबाईवर मला जी भीती सोडत नव्हती ती त्या टाचांमागं चालताना कुठं गळून पडली ते कळलंच नाही. वाटेत एक ताकवाली बसली होती. ती हसत म्हणाली, "अवं मास्तर! तुमी कवाधरनं कावड घ्याया लागलं?"

"ह्या पाव्हण्यांची हाय, मावशी. माझी न्हाई," मास्तर म्हणाले आणि थांबले नाहीत.

देवळाच्या पायऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी कावड माझ्या खांद्यावर दिली. "आता तुम्ही जा. पायऱ्या सरळ आहेत, कठडा धरा." मी म्हटलं, चला ना, दर्शन घेऊ. ते म्हणाले, मला उशीर होतोय. मी नाव विचारीपर्यंत गर्दीत मिसळून गेलेही. बाजूला वळलेला माणूस मला दिसत नाही, हे त्यांना कुठं ठाऊक.

लंगडत वर गेलो. पुजाऱ्यांनी पाणी घेतलं, थोडं का फार ते बघितलंही नाही. आणि मी मान वर केली. कॅलेंडरातली देवी माझ्या तळहातावर मावत होती. ही डोंगरातून बाहेर आलेली, माझ्या नजरेच्या नळीत तिचं फक्त मुख मावत होतं. एकेक हात बघायचा म्हणून मी डोळे उघडे ताणले, आणि ते असे भरून आले की शेंदरी उजेडाशिवाय मला काही म्हणता काही दिसलं नाही. इतक्या लांब बघायला आलो आणि आंधळ्यासारखा उभा राहिलो. पण मनात एक गोष्ट स्वच्छ होती. मी तिला बघू शकलो की नाही, ह्यावर काही अडलेलं नव्हतं. तिला मी दिसत होतो. मागून लोक ढकलू लागले तसा मी बाजूला झालो.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. डोळे बरे झाले असं मी सांगणार नाही. सांगितलं असतं तर किस्सा रंगला असता. बाजूची नजर गेली ती गेलीच. समोरची अजून आहे, थेंब चालू आहेत, आणि हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. ट्रक सोडले, कारण लांबीचा अंदाज येत नाही. आता लहान पाट्या करतो. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र्यावरची देवीची ओळ खोडायला ब्रश घेतला आणि तसाच ठेवून दिला. झालं, संपलं, असं म्हणावंसं वाटेना. मी आयुष्यभर समजत होतो की माणसानं ठरवावं, करावं आणि खोडावं. आता वाटतं, ठरवावं जरूर, हौस जरूर असावी, पण ओझं कुठं दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल ते आपण ठरवू नये. ज्या क्षणी माझ्यानं होत नाही म्हटलं, त्याच क्षणी खालून आवाज आला. त्याला कोणी योगायोग म्हणावं, मी भांडणार नाही. मी फक्त हात जोडतो.

त्या फाल्गुनात द्राक्षांची पेटी आणि देवीचा नारळ घेऊन मी मास्तरांना शोधत घाटाखालच्या नांदुरीला गेलो. मंडळीही बरोबर होती. कावड घेणारे मास्तर म्हटल्यावर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. ओसरीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजं फूल. मी नारळ पिशवीतून निम्मा काढला होता, तो हातातच राहिला. मास्तरांनीच तो घेतला, बायकोकडं दिला, आणि हसून म्हणाले, "खोबरं सगळ्यांनाच चालतं. बसा, बसा ताई."

चहा झाला. मला राहवेना. मी सगळं सांगितलं: डोळे, चौकातली गर्जना, ते माझ्यानं होत नाही म्हणणं. म्हटलं, "मास्तर, तुम्ही देवीला माना न माना. पण त्या दिवशी त्या घाटात, त्या घडीला, तिनंच तुम्हाला धाडलं होतं. नाहीतर तुम्ही तिथं येताच कशाला?"

मास्तरांनी घडातलं एक द्राक्ष तोडलं.

"यात्रेकरू गडावरच्या शाळेत उतरणार होते," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडं होती."