वादीत दिलेली वीस मिनिटं

फौजेत मी इंजिनिअर रेजिमेंटला हवालदार होतो. शिक्षण नववीपर्यंत. पेन्शनवर आल्यावर दापोलीकडच्या हनीफभाईंनी शब्द टाकला, म्हणून इथे सौदीत, हाइल शहराजवळ रस्त्याच्या साइटवर सिक्युरिटीत लागलो. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, हातात पडेपर्यंत त्यांनीच जेवू घातलं. ते उपकार मोठे.

कॅम्प वादीच्या काठावर. वादी म्हणजे कोरडी नदी. त्या दिवशी दुपारी दोनला लांब डोंगरावर काळं झालं. कॅम्पवर थेंब नाही. १४:४० ला पात्रात घोटाभर गढूळ पाणी उतरलं. मी खुणांची काठी रोवली. आसामात फ्लड ड्यूटीला हेच करायचो. पाणी किती चढतं ते बघायचं, मगच माणूस सोडायचा. दहा मिनिटांत दोन बोटं चढलं.

हनीफभाई डंपर घेऊन पलीकडे अडकले होते. वॉकीटॉकी वाजला.

"फौजी, येऊ का?"

"वीस मिनिटं आहेत. या. ओव्हर."

"बघा हां, मला पोहता येत नाही. कोकणातला असून! कुणाला सांगू नका."

१४:५२ ला डंपर उतरला. मध्यावर आला आणि वरून घरघर ऐकू आली. वळणावर मातकट पाण्याची भिंत.

"रिव्हर्स घ्या! रिव्हर्स!"

"इंजिन बंद पडलं, फौजी."

"टपावर चढा!"

चढले. माझ्याकडचा दोर चाळीस मीटर, पात्र त्याच्या तिप्पट. दोन वेळा फेकला, पोचला नाही. मग डंपर आडवा झाला.

१५:३० ला पाणी ओसरायलाही लागलं होतं.

साइटवरचे नाशिकचे सर्व्हेअर साहेब नकाशा घेऊन बसले. म्हणाले, "आसामची नदी लांबलचक, पूर हळूहळू चढतो. हे खोरं ताटासारखं गोल. पाच ओढे, सगळे जवळपास सारख्या लांबीचे, म्हणून एकाच वेळी इथे पोचतात. वर उघडा कातळ, उभा उतार. मुरणार कुठे? तुम्ही आलेलं पाणी मोजलंत, हवालदार. यायचं होतं ते वर होतं."

मी म्हटलं, "होय, साहेब."

दापोलीहून हनीफभाईंच्या बायकोचा, भाभींचा फोन आला. "शेवटी कुणाशी बोलले?"

"माझ्याशी."

"काय म्हणाले?"

"येऊ का, म्हणाले."

मी काय उत्तर दिलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दफन इथेच झालं. शुक्रवारी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर सावधान उभा राहतो. आत त्यांची कबर कुठली, ठाऊक नाही. तिथे नाव लिहीत नाहीत. म्हणून इथे लिहितो. हनीफभाई, डंपर ऑपरेटर, तालुका दापोली.