राहिलेली ओटी

देवळात जायची मला लाज वाटायची, हे आधीच कबूल करते. जन्म कोल्हापुरातला, अंबाबाईचं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर, पण रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या बाईनं रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, असा माझा तोरा. त्यात तोंड फटकळ. आई म्हणायची, "देवी स्वतः बोलायला आली तरी तू तिच्याकडे आधी पुरावा मागशील."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. शिरोळची दहा वर्षांची सुनंदा आमच्या इस्पितळात होती. औषधांनी तिचा रक्ताचा कर्करोग आटोक्यात आलाय, असं आम्हाला वाटत होतं. थोरल्या बहिणीची अस्थिमज्जा तिला जुळत होती आणि तेव्हा नवीनच असलेलं मज्जारोपण करायला मुंबईचे डॉक्टर तयार होते. अट एकच. सुनंदाच्या मज्जेत एकही वाईट पेशी उरलेली नाही, असा माझा अहवाल शुक्रवारपर्यंत हवा. नाहीतर तिच्यासाठी तिथं राखलेली खाट दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि नेमकं तेव्हाच माझं काम बिघडलं. काचपट्टीवर मज्जेचा थेंब पसरायचा, त्याला पाण्यात कालवलेला रंग द्यायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखायच्या, हे मी बारा वर्षं करत आले होते. पण त्या आठवड्यात सगळंच निळंशार दिसू लागलं. चांगली पेशी कुठली, वाईट कुठली, काही उमगेना. रंगाची नवी बाटली फोडली, तरी तेच. दोनच पट्ट्या उरल्या. त्या वाया गेल्या तर पोरीच्या हाडात पुन्हा सुई, आणि मागच्या वेळचं तिचं ओरडणं अजून माझ्या कानातून गेलं नव्हतं. मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. खरं तर भ्याले होते.

गुरुवारी सकाळी सुनंदाच्या आईनं माझ्या हातात एक पिशवी दिली. हिरवा खण, नारळ, तांदूळ. "डॉक्टरबाई, पोरीला सोडून मला जाता येत न्हाय. तुम्ही तेवढी अंबाबाईची ओटी भरून या की." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून देवळाची वाट धरली.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. माझी जांभळी बोटं बघून म्हणाली, "आमच्यावानी रंगारी व्हय तुम्ही?" तिचीही बोटं तशीच. एरवी मी तोडून टाकलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, सगळं सांगून बसले.

"पाणी कुठलं घेताय?" तिनं विचारलं.

म्हटलं, शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलंय, म्हणून विहिरीचं पाणी मी स्वतः उकळून, गाळून घेते.

"आता गं बया! उकळून खार जातोय व्हय? पाणी आटतंय, खार तितंच ऱ्हातोय. पावसाचं घ्या की. घरात धरून ठेवलंय, चला."

"अहो, पण तुमचं दर्शन?"

"अंबाबाई कुठं पळून जातीया? हितंच हाय की."

तिनं दिलेली कळशी रिक्षात मांडीवर धरून मी परतले. पाणी गाळलं, एक पट्टी रंगवली. लाल ते लाल, जांभळं ते जांभळं, एकेक पेशी लख्ख. दुसरीही तशीच. मोजल्या, पुन्हा मोजल्या. वाईट एकही नव्हती. तिथंच टेबलावर डोकं टेकून मी रडले. अहवाल संध्याकाळीच मुंबईला गेला.

खाऱ्या पाण्यानं रंग निळ्याकडे झुकतो, हे मला पुस्तकातही सापडलं असतं. पण सापडलं ते त्या रांगेत, शुक्रवारच्या आदल्या दिवशी. यापुढे मी वाद घालत नाही.

अहवाल गेल्यावर कोपऱ्यातली पिशवी दिसली. अगं बाई, ओटी राहिलीच! खणाला माझ्या हातचा जांभळा डागही लागला होता. सुनंदाच्या आईला हे सांगायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती पोरींना घेऊन मुंबईला गेली. नंतरचे कित्येक महिने मुंबईचं पत्र आलं की मी ते उभ्याउभ्याच फोडायचे.

सुनंदा बरी होऊन परतली, डोक्यावर नुकते उगवलेले केस घेऊन. तेव्हा मी मान खाली घालून तिच्या आईला खरं सांगितलं. ती हसली. "अंबाबाईनं आधी दिलं. आता आपण जाऊया."

मी नवा खण आणते म्हटलं. "असू दे की," ती म्हणाली, "तुमच्या हातचा रंग हाय त्यो."

तिघी रांगेत उभ्या राहिलो. डागासकट तो खण तिनं मलाच देवीपुढे ठेवायला लावला. मी हात जोडले. पुरावा मागायचं त्या दिवशी मला आठवलंच नाही.