दप्तर, डबा, बाटली

"आई नाही, रिक्षावाले काका आलेत," रिसेप्शनवरच्या बाई आतल्या फोनवर म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो, बरोबर ऐकलंत. शाळेच्या रिक्षाचे."

शनिवार पेठेतल्या त्या क्लिनिकच्या बाकावर काका ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. रिक्षा विकून ते आता शहराबाहेर, मांजरी गावात मुलाकडे राहतात. दोन बस बदलून आले होते. डॉक्टरांना माझ्या लहानपणाबद्दल विचारायचंय, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं.

असे काका तुमच्याही गल्लीत असतील. पहिली ते सातवी त्यांनी मला इंग्रजी शाळेत पोचवलं आणि परत आणलं. मुलांना ते 'आपण' म्हणायचे. निघण्याआधी मागे वळून प्रत्येकाला विचारायचे, "दप्तर, डबा, बाटली?" मला एक प्रश्न जादा होता. "आणि आपण स्वतः?"

दुसरीत असताना एकदा मी सामान रिक्षात ठेवलं आणि फाटकाजवळच्या पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यातले बुडबुडे बघत उभी राहिले. काका दोन चौक पुढे जाऊन परत आले. रागावले नाहीत. "सामान वेळेवर निघालं होतं," एवढंच म्हणाले.

त्यांच्या सीटमागे एक कापडी पिशवी असायची. माझा शाळेत राहिलेला स्वेटर, कंपासपेटी, एक जादा बाटली. दारात आईला मात्र ते रोज सांगायचे, "सगळं आहे."

आईचा त्यावर आजही विश्वास आहे. त्यामुळे एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या, तपासणीसाठी तिला दिलेल्या फॉर्मवर, 'लहानपणी वस्तू हरवत असे का?' यापुढे तिने ठळक अक्षरात 'कधीच नाही' लिहिलं. पुढच्या सतरा प्रश्नांनाही तेच.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत मला चिंतेचा विकार आहे असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. झोप छान लागू लागली. ऑफिसमधल्या चुका तशाच राहिल्या. आताच्या डॉक्टर म्हणाल्या, आईचा फॉर्म आणि प्रगतिपुस्तकं पाहता पुन्हा चिंताच वाटते. एडीएचडी असेल तर ते लहानपणीच दिसलेलं असावं लागतं; वयाच्या बाराव्या वर्षाआधी तुम्हाला रोज पाहणारं आणखी कुणी असेल तर आणा. उलट भीतीही होतीच. मोबाइलवर इतकं वाचलं होतं की उत्तरं पाठ होऊन मला नसलेलं काहीतरी चिकटलं तर? मी दोन्ही बाजूंनी काळजी करत होते, आणि त्यामुळे चिंतेचं निदान तेवढं पक्कं होत होतं.

काका माझ्याकडे किंचित झुकले. "मॅडम, पासपोर्टच्या वेळी शेजाऱ्यांना विचारतात, तसंच ना हे? निश्चिंत राहा. मी चांगलंच सांगणार."

इथे चांगलं नको, खरं हवंय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान हलवली. तेवढ्यात आमचा नंबर आला.

डॉक्टरांनी विचारलं, ही लहानपणी वस्तू विसरायची का?

"छे हो," काका म्हणाले. "आमच्या मॅडम एक नंबर. कधी काही विसरल्या नाहीत." हे म्हणताना त्यांनी, मी बाहेर बाकावर ठेवून आलेली माझी फाइल हळूच माझ्या हाताखाली सरकवली.

हिच्यासाठी कधी थांबावं लागायचं?

"एक मिनिटही नाही." आमच्या दारात उभे असायचे तेव्हाचाच चेहरा. माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनीच धीर दिला.

डॉक्टर लिहीत होत्या. आईच्या फॉर्मखाली दुसरा तसाच फॉर्म तयार होत होता. मी कुणाचं बोलणं मध्येच तोडत नाही. एडीएचडी असलेले सहसा तोडतात, म्हणून हेही याच डॉक्टरांच्या आधीच्या तपासणीत माझ्या विरोधात गेलं होतं.

"काका," मी म्हणाले, "दप्तर, डबा, बाटली असायची. मी स्वतः नसायचे."