उरलेल्या गोळ्या

थळच्या कोळीवाड्यात कुणाला मासळीचा काटा लागला की तो डॉक्टरच्या आधी ठमाबाईच्या ओटीवर यायचा. कुणाचं औषध अर्धवट सुटलं की उरलेल्या गोळ्या ती हक्काने मागून आणी आणि बिस्किटांच्या डब्यात रंगांप्रमाणे लावून ठेवी. लाल-पिवळी कॅप्सूल फोडून पूड जखमेत भरायची, वर दोन गिळायला द्यायच्या, हा तिचा हुकमी इलाज. शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईने नवरा गेल्यावर सुकी मासळी विकून मुलाला, निकेतला, वाढवलं होतं, बोट राखली होती. तिच्या शब्दाला वजन होतं. लोक बरेही व्हायचे. बहुतेक आपोआप व्हायचे, पण ते तिला कोण सांगणार?

ऑक्टोबरात मासळी निवडताना सून प्राप्तीच्या तळव्यात शिंगाळ्याचा काटा घुसला. ठमाबाईने पूड भरली, सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, प्राप्ती थंडीने कुडकुडायला लागली आणि निकेत आणि ठमाबाईने तिला रिक्षात घालून अलिबागच्या दवाखान्यात नेलं. पाच वर्षांची लेक जागृती शेजारच्या बायजाकडे राहिली.

तिथल्या डॉक्टर किशोरी मॅडमनी रक्त घेण्याआधी एकच गोष्ट विचारली, घरी काही औषध दिलं होतं का? प्राप्तीने सासूकडे बघितलं. चारचौघांत सासूला खाली बघायला लावायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. आणि ठमाबाई म्हणाली, "न्हाय. काय न्हाय दिला." डॉक्टर ओरडेल, एवढीच तिची भीती होती. एवढ्याशा भीतीसाठी माणूस काय काय पणाला लावतो!

रक्त बाटलीत घालून ठेवलं. त्यात जंतू वाढला की त्याचं नाव कळतं आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल तेही. दोन दिवस बाटलीत काहीच वाढलं नाही. मॅडमनी नेहमीची इंजेक्शनं चालू ठेवली, पण शोध डेंगी, लेप्टो अशा पावसाळी तापांकडे वळला. इकडे प्राप्तीची लघवी बंद झाली. तिसऱ्या सकाळी तिने ठमाबाईला ओळखलं नाही.

तेव्हा ठमाबाईचा धीर सुटला. तिने मॅडमचा हात धरला आणि गोळ्यांच्या रंगासकट सगळं सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की गोळ्यांनी जंतू अर्धमेले झाले म्हणून बाटलीत वाढले नाहीत. आणि अंगात जे उरले, ते या गोळ्यांना भीक न घालणारेच असणार.

मुंबईत एक यंत्र होतं. जंतू वाढायची वाट न बघता, मेलेल्या जंतूच्या खुणेवरूनसुद्धा ते काही तासांत नाव सांगतं. निकेत रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घेऊन मांडव्याहून दुपारच्या बोटीने गेला. दिवे लागायच्या सुमारास मॅडमच्या फोनवर रिपोर्ट आला. जंतूचं नाव ठमाबाईला उच्चारता येईना. एवढं मात्र कळलं की आजवरची इंजेक्शनं पाण्यात गेली होती आणि आता एकच औषध उरलं होतं. ते लगेच चालू केलं.

"वाचंल ना ती?" ठमाबाईने विचारलं.

"परवा हे औषध दिलं असतं तर मी हो म्हटलं असतं, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

ठमाबाई बाकावर बसून राहिली. तिला रडूही येईना. तेवढ्यात बायजाचा फोन आला. जागृतीला दुपारपासून थंडी वाजून ताप होता. आई घरी होती तेव्हा तिच्या हातावरची पट्टी रोज जागृतीच सोडायची म्हणे.

"पण तू घोर नको करू," बायजा समजुतीने म्हणाली. "तुज्या डब्यातली लाल-पिवली गोली दिली मी तिला. तू देतस तशीच. आता निजलीय, हलवून पण उठत न्हाय."

विचारल्याशिवाय आत यायचं नाही, असं नर्सने ठमाबाईला दोनदा बजावलं होतं. तिने दार ढकललं आणि प्राप्तीच्या खाटेशी उभ्या असलेल्या मॅडमपर्यंत ती तशीच चालत गेली.

"माज्या नातीला आणायला गाडी धाडा," ती म्हणाली. "तिला गोली दिलेली हाय. तुमी विचारायच्या आधी सांगते."